क्रॅश थांबला, पण बग गेला का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांच्या आहेत. नाशिकला सिडकोत राहतात, अंबडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. कंपनी बाजार समित्या आणि कांदा व्यापाऱ्यांसाठी लिलावाचं आणि हिशोबपट्ट्यांचं सॉफ्टवेअर बनवते, आणि त्यामागे पोस्टग्रेस १५.२ हा डेटाबेस आहे. एका ग्राहकाकडे महिन्याचा रिपोर्ट काढताना कधीकधी डेटाबेस सर्व्हर 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) देऊन पडायचा आणि ऐन लिलावात सगळ्यांची कनेक्शनं तुटायची. यांनी सोर्स कोड उतरवला, कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची प्रत) जीडीबी या चुका शोधायच्या साधनात उघडला, एक पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) नल म्हणजे रिकामा असल्याचं शोधलं, तिथे नल चेक म्हणजे तो रिकामा आहे का हे तपासणारी अट टाकून सर्व्हर नव्याने कंपाइल केला. तेव्हापासून तो पडलेला नाही. साहेब म्हणतात, हाच सर्व्हर सगळ्या ग्राहकांकडे टाका आणि विषय संपवा. यांना वाटतं की पॅच (कोडमधला हा बदल) मूळ प्रकल्पाला पाठवावा, पण 'माझं इंग्रजी बेताचं, कॉलेज साधं, तिथले दिग्गज हसतील' ही भीती आहे. पुण्यातला भाऊ म्हणतो, नाशिकमध्ये बसून असलं काम कधी मिळायचं नाही, नोकरी सोड आणि इकडे ये.

नमस्कार.

कौतुक आधीच करून टाकते, नाहीतर पुढच्या वादात ते राहून जाईल. सर्व्हर पडला की बहुतेक ठिकाणी तो पुन्हा चालू करतात आणि चहाला जातात. तुम्ही कोअर डंप जपून ठेवलात आणि दहा लाखांहून जास्त ओळींच्या सी कोडमधून नेमकी ओळ गाठलीत. हे जमणारी माणसं पुण्या-बेंगळुरातही पैशाला पासरी मिळत नाहीत.

आता वाद. तुमच्या पत्रात 'मी बग दुरुस्त केला' हे वाक्य दोनदा आलं आहे. मला पत्रातून दिसतं ते एवढंच, की तुम्ही क्रॅश थांबवला. तो पॉइंटर नल का होता, यावर पत्रात एक ओळही नाही. पॉइंटर नल निघणं हा शेवटचा परिणाम झाला. त्याआधी कुठेतरी काहीतरी चुकलं असणार. प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) प्लॅन रचताना एखादं स्ट्रक्चर भरायचं राहिलं असेल, नको असलेली पार्टिशन्स (मोठ्या टेबलचे तुकडे) गाळताना हवं ते पार्टिशनही गळलं असेल, किंवा जेआयटीने (क्वेरी चालताना तिच्यासाठी मशीन कोड बनवणाऱ्या सोयीने) बनवलेल्या कोडमध्ये गडबड असेल. तुमची अट म्हणते, नल दिसला तर परत फिर. छप्पर गळतंय तिथे बादली ठेवल्यासारखं हे झालं. परत फिरल्यावर त्या पार्टिशनमधल्या ओळींचं काय होतं? त्या बेरजेत येतात की गुपचूप गळतात, हे तपासलेलं मला तरी दिसलं नाही.

मी यावर अडून बसते आहे, कारण क्रॅश निदान बोंब मारतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस असते. त्यातली एक अशी मेली, की मुख्य प्रोसेस बाकीच्यांनाही मुद्दाम बंद करते, कारण सगळ्यांच्या सामाईक मेमरीवर आता भरवसा ठेवता येत नाही. मग डब्ल्यूएएल (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंदवही) वाचून सर्व्हर पुन्हा उभा राहतो. लिलावाच्या गर्दीत हे भयंकर वाटतं हे खरं, पण ती डेटा वाचवण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. चुकीची बेरीज मात्र आवाज करत नाही. महिन्याच्या रिपोर्टात एखाद्या आडत्याच्या चाळीस पट्ट्या कमी आल्या तर ते कधी कळेल? शेतकरी सौदापट्टी घेऊन खिडकीशी उभा राहील तेव्हा. आणि तोवर तुमचा सर्व्हर सगळ्या ग्राहकांकडे पोचलेला असेल.

त्यामुळे पहिलं काम पॅच पाठवण्याचंही नाही आणि पसरवण्याचंही नाही. तोच रिपोर्ट वेगवेगळ्या वाटांनी काढून आकडे जुळतात का ते बघा. मुख्य टेबलवरची बेरीज घ्या, मग एकेक पार्टिशन थेट विचारून त्यांची बेरीज घ्या. त्यानंतर त्याच सेशनमध्ये जेआयटी बंद करून बघा, पॅरलल वर्कर (जोडीने काम करणाऱ्या प्रोसेस) शून्य करून बघा, पार्टिशन प्रूनिंग (नको ती पार्टिशन्स गाळणं) बंद करून बघा, हॅश जॉइन (टेबलं जोडायची एक रीत) बंद करून बघा. प्लॅन बदलेल, वेळ बदलेल, पण उत्तर बदलता कामा नये. बदललं, तर तुमच्या नल चेकने क्रॅशच्या जागी चुकीचा हिशोब आणून ठेवला आहे. ही युक्ती माझी नाही. मॅन्युएल रिगर या संशोधकाचं एसक्यूएलॅन्सर हे साधन साधारण याच तत्त्वावर चालतं: एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारायचा आणि उत्तरं भांडतात का ते बघायचं. त्याने एसक्यूलाइट, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा नावाजलेल्या डेटाबेसांत मिळून शेकडो बग उघडे पाडले आहेत.

या खटाटोपाचा आणखी एक फायदा आहे. समजा जेआयटी बंद केल्यावर मूळ, न बदललेल्या सर्व्हरवरही क्रॅश होत नाही असं निघालं. मग साहेबांना द्यायला तुमच्याकडे आजच्या आज एक उपाय आहे: फक्त रिपोर्ट काढणाऱ्या युजरसाठी ती सेटिंग बंद ठेवायची. कंपाइल नको, वेगळा सर्व्हर नको, आणि उद्या खरी दुरुस्ती आली की एका ओळीत मागे फिरता येतं. माझ्या मते यावर आधी प्रयत्न व्हायला हवा होता.

दुसरं गृहीतक: हा बग नवा आहे. तुम्ही १५.२ वर आहात. ती आवृत्ती फेब्रुवारी २०२३ ची. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या दर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरला येतात आणि प्रत्येकीत डझनावारी बग मारलेले असतात. १५ ला नोव्हेंबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. इतक्या काळात हाच बग कुणीतरी शोधून निकालात काढला असण्याची शक्यता चांगली आहे. १५ च्याच एका छोट्या आवृत्तीतून पुढच्या छोट्या आवृत्तीत जायला डेटा उतरवून पुन्हा भरावा लागत नाही: सर्व्हर थांबवा, प्रोग्रॅम बदला, चालू करा. रिलीज नोट्स तेवढ्या आधी वाचा, कारण क्वचित एखादा इंडेक्स नव्याने बांधायला सांगितलेला असतो. १५ च्या सर्वांत ताज्या छोट्या आवृत्तीवर, तुमचा पॅच न लावता, रिपोर्ट चालवा. क्रॅश गायब झाला तर निम्मं पत्र इथेच निकालात निघालं.

गायब झाला नाही तर बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शन्स काढून पुन्हा बघा. आरोप पोस्टग्रेसवर येतो आणि गुन्हा तिसऱ्याच्याच लायब्ररीत असतो, हे वारंवार घडतं. पीजी-अ‍ॅमचेक चालवून इंडेक्स आणि टेबलं धड आहेत का तेही पाहून घ्या. बिघडलेली रॅम किंवा डिस्कही नल पॉइंटरचं सोंग घेऊन येऊ शकते.

आता समजा या सगळ्यातून बग तावूनसुलाखून खरा निघाला. मग त्याच्या मुळाशी जायचं, आणि तुमच्या पत्रातला उत्साह बघता हा भाग तुम्हाला आवडेल. सर्व्हर दोन पर्यायांसह कंपाइल करा: एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट. दुसऱ्या पर्यायाने कोडभर पेरलेल्या हजारो तपासण्या जाग्या होतात, आणि सर्व्हर चुकीच्या परिणामापाशी न पडता तिच्या कारणाच्या जवळपासच अडतो. हा सर्व्हर हळू चालतो, ग्राहकाकडे चुकूनही टाकू नका. एक्झिक्युटर आणि ऑप्टिमायझर या दोन्ही फोल्डरांत रीडमी नावाची फाइल आहे, ती कोडच्या आधी वाचा. आतली माणसं आपली रचना इतकी उघड करून सांगताना फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. आणि पूर्वीच्या आवृत्तीत हाच रिपोर्ट नीट चालत असेल तर गिट बायसेक्ट (दर वेळी निम्मे बदल बाजूला काढत दोषी बदल शोधणारी आज्ञा) लावा. मधल्या हजार कमिट्समधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट गाठायला दहाच्या आसपास वेळा सर्व्हर कंपाइल केला तरी पुरतं. रात्री लावून झोपलात तरी चालेल.

छोटा दिसणारा बग आतून किती खोल असू शकतो, याचं मायएसक्यूएलमधलं एक उदाहरण तुमच्याच धंद्यातल्या भाषेत सांगते. पावती क्रमांक आपोआप वाढतोय. १०५७ नंबरची पावती शेवटची होती, ती चुकली म्हणून रद्द केली. सर्व्हर बंद-चालू झाला. पुढची पावती कोणत्या नंबरची? माणूस म्हणेल १०५८. इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) म्हणायचं १०५७. कारण पुढचा क्रमांक फक्त मेमरीत ठेवलेला असायचा आणि सुरू होताना 'टेबलमधला सर्वांत मोठा अधिक एक' असा नव्याने काढला जायचा. हा बग २००३ साली नोंदवला गेला, नोंद क्रमांक १९९. तो मिटला मायएसक्यूएल ८.० मध्ये, म्हणजे २०१८ साली. एखाद्या अटीने तो मिटण्यातला नव्हता. क्रमांक बदलला की तो रीडू लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहायचा आणि चेकपॉइंटच्या वेळी (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवताना) आतल्या एका सिस्टिम टेबलमध्ये जपायचा, अशी व्यवस्था त्यासाठी उभी करावी लागली. मधली पंधरा वर्षं जगभरच्या लोकांनी आपापल्या ठिगळांवर काढली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यापुरता प्रश्न सुटला.

तुमचे साहेब. त्यांच्यावर तुम्ही जरा जास्तच चिडला आहात. त्यांच्या बाजूने बघा: ग्राहकाचा फोन बंद झाला, प्रश्न संपला. कायद्यानेही ते चूक नाहीत. पोस्टग्रेसचा परवाना सैल आहे, बदललेला कोड जाहीर करायची सक्ती तो करत नाही. (मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरणाऱ्या वाचकांनी मात्र जपावं. जीपीएल परवान्याखालचा सर्व्हर बदलून ग्राहकाच्या मशीनवर दिला, की बदललेला सोर्सही त्याला द्यावा लागतो.) तेव्हा 'मुक्त स्रोताचं ऋण' वगैरे भाषा त्यांच्यापुढे नको. खर्चाची भाषा बोला. हा खास सर्व्हर एकदा सगळ्यांकडे गेला, की दर तीन महिन्यांनी नवी छोटी आवृत्ती आली की कुणीतरी पॅच पुन्हा लावायचा, पुन्हा तपासायचा, पुन्हा सगळीकडे जाऊन बसवायचा. ते 'कुणीतरी' म्हणजे तुम्ही. तुम्ही लग्नाला आठ दिवस गावी गेलात आणि इकडे कुणी नेहमीचं अपडेट चालवलं, तर तुमच्या सर्व्हरवर मूळ सर्व्हर येऊन बसेल आणि क्रॅश परत येईल. अपडेटच बंद ठेवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या हुकतील. उलट पॅच मूळ प्रकल्पात गेला, की चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांत तेच लोक तो लावतात आणि पुढच्या तिमाहीला फुकट घरपोच मिळतो.

आणखी एक, हे सगळ्याच नोकरदारांसाठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला कॉपीराइट नोकरी देणाऱ्याचाच असतो. पॅच तुम्ही लिहिला असला तरी पाठवण्याआधी साहेबांकडून ईमेलवर दोन ओळींची परवानगी घ्या. त्यात कंपनीचं किंवा ग्राहकाचं नाव कुठेही येणार नाही, हे तुम्हीच लिहून द्या. त्यांची खरी धास्ती बहुधा तीच असेल.

परवानगी मिळाल्यावर सगळ्यात मोठं काम करा, आणि ते पॅचचं नाही. बग हमखास घडवून आणणारी छोटी एसक्यूएल फाइल तयार करा. ग्राहकाचा डेटा त्यात नको. जनरेट-सिरीज हे फंक्शन वापरून खोट्या ओळी भरा, पार्टिशन्स चाराची दोन करा, रिपोर्टातले रकाने एकेक करून छाटा, दर वेळी क्रॅश अजून होतोय का बघा. शेवटी वीस-पंचवीस ओळी उरतील, ज्या कुणीही आपल्या मशीनवर चिकटवल्या की सर्व्हर पडेल. कोअर डंप मात्र कुणालाही पाठवू नका. त्यात मेमरीतलं सगळं असतं, शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती धरून. त्यातला बॅकट्रेस (पडताना कोणत्या फंक्शनने कोणतं फंक्शन बोलावलं त्याची यादी) तेवढा मजकूर म्हणून द्या.

तुमच्या इंग्रजीच्या भीतीचं उत्तरही याच फाइलमध्ये आहे. आवृत्ती ही, ऑपरेटिंग सिस्टिम ही, ही फाइल चालवा, असं व्हायला हवं, असं होतं. पाच तोकडी वाक्यं पुरतात. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात बग कसा कळवावा यावर एक स्वतंत्र विभाग आहे, त्याचा सूर हाच: जे दिसलं ते सांगा, तर्क नंतर. पॅच जोडणार असाल तर त्यासोबत त्या छोट्या फाइलचं रूपांतर रिग्रेशन टेस्टमध्ये (जुना बग परत आला तर पकडणाऱ्या चाचणीत) करा, आणि पाठवण्याआधी सगळ्या चाचण्या चालवणारी मेक चेक-वर्ल्ड ही आज्ञा एकदा पूर्ण चालू द्या. अर्थात एक अपवाद: तपासात असं निघालं की या बगमधून दुसऱ्याची मेमरी वाचता येते किंवा बिघडवता येते, तर जाहीर कळवू नका, सुरक्षा गटाला खासगी ईमेल करा. लॉगिन असलेल्या माणसाने साधी क्वेरी चालवून सर्व्हर पाडणं त्यात सहसा धरत नाहीत.

दिग्गज हसतील? जून २०२२ मध्ये पोस्टग्रेस १४.४ ही आवृत्ती वेळापत्रक मोडून काढावी लागली, कारण १४ मध्ये व्हॅक्यूमला (मेलेल्या ओळी साफ करण्याच्या कामाला) वेग देणाऱ्या एका सुधारणेमुळे, चालू टेबलवर इंडेक्स बांधताना तो इंडेक्स बिघडू शकत होता. दुरुस्ती काय केली? ती सुधारणाच काढून टाकली. कोड लिहिणारे मुरलेले, तपासणारे मुरलेले, तरी ती आवृत्ती महिनोन्‌महिने जगभर चालत होती. या लोकांना चुकांचं अप्रूप नाही. ते वैतागतात ते अर्धवट माहितीवर, आणि कधीकधी फटकळही असतात, हे मनाची तयारी म्हणून सांगते. तुमचा नल चेक ते बहुधा नाकारतील आणि विचारतील, 'हा मुळात नल का आहे?' तो प्रश्न मी आधीच विचारून ठेवला आहे, तेव्हा दचकू नका. तुमचा कोड एक ओळही न वापरता दुसऱ्याने वेगळी दुरुस्ती केली, तरी बग कळवणाऱ्याचं नाव कमिटमध्ये नोंदवायची पद्धत आहे. आणि उत्तरच आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी नम्रपणे आठवण करा. माणसं बहुतेक वेळा दुर्लक्ष करत नसतात, बुडालेली असतात.

राहता राहिला भाऊ. नोकरी सोडू नका, निदान या कारणासाठी तरी नको. सर्व्हर प्रत्यक्षात पडतो ती जागा आज तुमच्याकडे आहे: खरे ग्राहक, खरा हंगाम, उन्हाळ कांद्याच्या आवकेत रोज सकाळी सर्व्हरवर येणारा भार. शहरातल्या कितीतरी इंजिनिअरांना असा बग आयुष्यात दिसत नाही, त्यांना तो तिकिटावरच्या वर्णनातून कल्पावा लागतो. आणि काम सगळं ईमेलवर आणि पॅचवर चालतं. पोस्टग्रेसच्या कमिटर्समध्ये (मूळ कोडमध्ये बदल घालायचा अधिकार असलेल्यांत) अमित कपिला यांच्यासारखी भारतीय नावं आहेत, आणि तिथे कुणी कोणत्या कॉलेजचा दाखला मागत नाही. आत शिरायची सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे दुसऱ्यांचे पॅच तपासणं. कमिटफेस्ट नावाची तपासणीची सत्रं वर्षातून काही वेळा भरतात. ज्याने पॅच दिला त्याने दुसऱ्याचाही एक तपासावा अशी तिथे अपेक्षा असते, आणि तपासणाऱ्यांची टंचाई कायमची. पॅच लावून बघणं, टेस्ट चालवणं, दस्तऐवजातलं वाक्य समजतं का ते सांगणं, एवढ्यानेही सुरुवात होते. रविवारचे दोन तास यासाठी काढता येतील.

पुढे कधी पुण्याला जावंसं वाटलंच, तर जा, संगमनेरचा रस्ता काही बंद होणार नाही. फक्त नुसत्या 'डेव्हलपर'च्या जागेपेक्षा डेटाबेस कंपनीतली सपोर्ट इंजिनिअरची जागा शोधा. नाव कमी रुबाबदार, पण मोडलेले सर्व्हर आधी तिथे येतात. अर्जासोबत तुमच्या बगचा अहवाल जोडा, पॅच स्वीकारला गेला असो वा नसो. मुलाखतीत तुम्हाला विचारतील की कारणापर्यंत कशा पोचलात, आणि त्याचं उत्तर तयार व्हायला आधी ती नल चेकची ओळ काढून ताज्या १५ वर रिपोर्ट चालवावा लागेल.